तीनशे वाक्यं हवी आहेत

मित्रांनो, माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून आधी ओळख करून देते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावेन एवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. फोटो, पत्रं, गाणी, हिशेब, जे कॉम्प्युटरमध्ये मावत नाही ते माझ्यासारखीच्या पोटात ठेवतात आणि विसरून जातात. आत्ता या घटकेला मला एका प्रयोगशाळेच्या टेबलावर फिरवलं जात आहे. हे फिरणं माझं शेवटचं आहे.

समोरच्या पडद्यावर एक आकडा दिसतो आहे. एकोणीस. एकोणीस वाक्यं माझ्यातून सुखरूप बाहेर आली आहेत. तीनशे हवी आहेत.

टेबलापलीकडे तिघं जण बसली आहेत. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, त्यांची सूनबाई आणि आजी. आजींच्या मांडीवर पाटी आहे, कारण आजींना आता बोलता येत नाही. त्यांचा आवाज माझ्यात आहे. निदान चार दिवसांपूर्वीपर्यंत होता.

तुम्ही जवळ या. मी फिरता फिरता सांगते. फिरणं थांबलं की सांगणंही थांबेल.

माझा जन्म झाला ती जागा दवाखान्याहूनही स्वच्छ होती. तिथल्या कामगार बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात असत, फक्त डोळे उघडे. आत येताना वाऱ्याच्या झोताखाली उभं राहून कपड्यावरची धूळ झाडून यावं लागे. एवढी शिवाशिव कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत चकती असते. ती सेकंदाला नव्वद फेऱ्या घेते. तिच्यावर एक बारीक हात पुढेमागे हलतो आणि त्या हाताच्या टोकाला तिळाहूनही लहान डोकं असतं. ते डोकं चकतीला न टेकता, तिच्यावर तरंगत वाचतं आणि लिहितं. मधली फट इतकी कमी की तुमच्या डोक्यावरचा एक केस त्या फटीच्या हजारो पट जाड भरेल. आता विचार करा, धुळीचा एखादा कण तिथे शिरला तर काय होईल. तुम्ही पळत सुटला आहात आणि वाटेत अचानक डोंगर उभा राहिला, असंच ते.

आम्ही बहिणी एका ट्रेमध्ये ओळीने बसलो होतो. दोघी कामगार बायका आम्हाला तपासत होत्या.

"किती वर्षं चालतात गं या?" नवी आलेली विचारत होती.

"काही सांगता येत नाही. एखादी पहिल्या वर्षातच जाते, एखादी दहा वर्षं काढते. चार-पाच वर्षांनंतर मात्र कुणाचाच भरवसा धरू नये."

"म्हणजे माणसांसारखंच की."

"छे. माणसं निदान कण्हतात."

हे वाक्य मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं. पुढे त्याचा अर्थ कळला.

मला विकत आणलं ते सूनबाईने. घर दुमजली होतं. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या, मधे लाकडी जिना. दुकानात भिंतीवर, कपाटात, टेबलावर मिळून शंभराच्या वर घड्याळं. त्यांची टिकटिक इतकी दाट की पाहुण्याला पहिला अर्धा तास स्वतःचे विचार ऐकू येत नसत. घरच्या माणसांना मात्र ती ऐकूच येत नसे. सूनबाई गावातल्या ग्रंथालयात नोकरीला होती. तिचा नवरा ट्रक चालवी, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात कॉम्प्युटर कळणारी ती एकटीच, म्हणून माझी मालकी तिच्याकडे आली.

पहिली तीन वर्षं फार सुखाची गेली. लग्नाचे फोटो, ग्रंथालयाच्या याद्या, आजोबांच्या जुन्या घड्याळांची चित्रं, सगळं मी गिळत गेले. "अजून निम्मीसुद्धा भरली नाही, आमची तिजोरी आहे ही," असं सूनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आणि मी फुगत असे. दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याने चार्जर ओढताना मला फळीवरून खाली पाडलं, तेव्हा हा पोचा आला. नशिबाने मी तेव्हा बंद होते. फिरत असते तर तिथेच संपले असते. "काही झालं नाही," म्हणत त्याने मला पुन्हा फळीवर ठेवलं. बाहेरून काही झालं नव्हतं हे खरं.

चौथ्या वर्षी आजींचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. आवाज काही मोकळा होईना. शेवटी मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की घशातली आवाजाची पेटीच काढून टाकावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. महिनाभराची मुदत होती.

आजी म्हणजे बोलण्याची हौस. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा त्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. माझ्या खोक्यातला कागदही त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून वाचला होता, "ओल्या जागी ठेवू नये, झाकण उघडू नये," इथपर्यंत. सूनबाई हसली होती. त्या बाईंचा आवाज जायचा होता.

दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आजींना धीर दिला. "ऑपरेशनच्या आधी तुमच्या आवाजात जितकी वाक्यं रेकॉर्ड होतील तितकी करून ठेवा. मी बाराशे वाक्यांची यादी देते. जखम भरली की त्यावरून आपण एक यंत्र तयार करू. तुम्ही त्यावर लिहायचं, ते तुमच्याच आवाजात बोलेल."

"बाराशे नाही झाली तर?" सूनबाईने विचारलं.

"तीनशे तरी स्वच्छ हवीत. त्याच्या खाली यंत्राला आवाज शिकवता येत नाही. आणि हो, दोन ठिकाणी ठेवा."

मित्रांनो, ते शेवटचं वाक्य विसरू नका. मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. आजींच्या प्रत्येक वाक्यामागे शंभर घड्याळं बोलत होती. तेव्हा आजोबांनी जे केलं ते त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांत एकही चालतं घड्याळ त्यांनी बंद पडू दिलं नव्हतं. त्या सकाळी ते शिडीवर चढले आणि एकेका घड्याळाचा लंबक बोटाने थांबवत गेले. दुकान गप्प झालं. समोरचा किराणावाला धावत आला, कुणी गेलं की काय म्हणून.

एकच घड्याळ त्यांनी थांबवलं नाही. ते त्यांच्या वडिलांचं होतं. दर पाव तासाला त्याचे ठोके पडत. आजोबांनी ते दोन रजयांत गुंडाळून कपाटात ठेवलं. तरी ठोका यायचाच, आणि नेमका वाक्याच्या मध्यावर.

वरच्या खोलीत खिडक्यांना गाद्या टेकवून आजी बसत. सूनबाई लॅपटॉप सांभाळी.

"'उद्या सकाळी आपण सगळे नदीवर जाऊ.' झालं?"

"नाही आई, ठोका आला मधे."

"परत आला? अहो, तुमच्या वडिलांना सांगा, मला एक वाक्य धड बोलू द्या म्हणावं. तेहतीस वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून मधे मधे बोलतात."

जिन्याखालून आजोबा म्हणत, "वडिलांनी किल्ली द्यायला सांगितलीय, थांबवायला नाही."

"माझा आवाज थांबवायला सांगितलाय का कुणी?"

तिसऱ्या दिवशी ते घड्याळही थांबलं. आजोबांनी थांबवलं, आणि नंतर बराच वेळ ते दुकानात हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यानंतर वाक्यं भराभर झाली. बावीस दिवसांत बाराशेच्या बाराशे.

लॅपटॉपची जागा भरून गेली होती, म्हणून सगळी वाक्यं माझ्यात हलवली. मी ती लिहून घेताना थरथरत होते, खरं सांगते. फोटो लिहिणं वेगळं आणि माणसाचा आवाज लिहिणं वेगळं.

आता ते वाक्य. दोन ठिकाणी ठेवा.

"दोन कप्पे कर," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाइकाचं यंत्र एका कप्प्यात, तबकडी दुसऱ्या कप्प्यात. एक सांडलं तर एक राहतं. ही माझी पद्धत."

सूनबाईने दोन फोल्डर केले. एकाचं नाव 'आईचा आवाज'. दुसऱ्याचं नाव 'आईचा आवाज, जपून'. दोन्हीत बाराशे बाराशे वाक्यं. आणि दोन्ही माझ्याच पोटात, एकाला लागून एक.

मी ओरडायला हवं होतं. अगं, ही दोन ठिकाणं नव्हेत. दोन कप्पे असले तरी टेबल एकच आहे. टेबल पेटलं की दोन्ही जळतील. पण मला ओरडता येत नाही.

एक गोष्ट सूनबाईने कुणाला सांगितली नाही. वाया गेलेली वाक्यं पुसून टाकायची, असं ठरलं होतं. ज्यात ठोका आला, खोकला आला, हसू आलं, ती सगळी. "पुसली का?" आजींनी विचारलं आणि सूनबाई "हो" म्हणाली. पण तिने पुसली नव्हती. आठवडाभराने, घरात कुणी नसताना, तिने तीही माझ्यात आणून ठेवली. 'रद्द' नावाच्या फोल्डरमध्ये. का, ते मला त्यातलं एक रेकॉर्डिंग लिहून घेताना कळलं. सूनबाई पाणी प्यायला उठली होती आणि लॅपटॉप चालूच राहिला होता. आजी जिन्यातून आजोबांशी बोलत होत्या. "सून चांगली मिळाली हो आपल्याला. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

ऑपरेशन झालं. आजी घरी आल्या, गळ्याला पट्टी आणि हातात पाटी. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं, जखम भरायला सहा आठवडे द्या, मग वाक्यं घेऊन या. आजोबांनी घड्याळं पुन्हा सुरू केली. मला त्यांनी स्वतःच्या टेबलाच्या खणात, मऊ फ्लॅनेलवर ठेवलं. दर रविवारी सूनबाई मला लॅपटॉपला जोडून वाक्यं आहेत ना, एवढं बघे आणि पुन्हा खणात ठेवी.

मित्रांनो, माझं आजारपण तिथे सुरू झालं. मला चार वर्षं उलटून गेली होती. चकतीवरचे काही ठिपके कच्चे पडू लागले. आमच्याजवळ थोडी राखीव जागा असते. एखादा ठिपका बिघडला की आम्ही तिथलं सामान गुपचूप राखीव जागेत हलवतो आणि वर काही दिसू देत नाही. घरातली एखादी बाई अंगात ताप असून स्वयंपाक करते ना, तसं. मला वाटायचं, हा आपला गुण आहे. आता वाटतं, तोच घात होता.

राखीव जागा संपत आली तेव्हा मी लॅपटॉपला कळवलं. पडद्यावर चौकट उमटली. 'डिस्कमध्ये बिघाड आढळला आहे. तातडीने प्रत काढून घ्या.' खाली दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'नंतर'.

सूनबाईला ग्रंथालयात जायचं होतं, आजींची पट्टी बदलायची होती, कुकर लावायचा होता. तिने 'नंतर' दाबलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा सांगितलं. नंतर. तिसऱ्या रविवारी पुन्हा. "हे रोजचंच झालंय याचं," ती पुटपुटली आणि चौकट मिटवली. मी तिला दोष देत नाही. पण तिन्ही वेळा तिच्या हातात दहा मिनिटं होती, आणि तेव्हा माझ्यातलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं होतं. आमच्यातल्या कितीतरी जणी न सांगताच जातात. मी तीनदा सांगितलं होतं.

चौथ्या रविवारी माझं डोकं जागेवर बसेना. हात पुढे जाई, काही सापडत नसे, मागे येऊन आपटे. टक. टक. टक.

तो आवाज दुसऱ्या कुठल्याही घरात घाबरवणारा ठरला असता. या घरात तो ओळखीचा वाटला.

"बाबा, वाक्यं दिसेनात," सूनबाईचा चेहरा उतरला होता. "ही टकटक करतेय."

आजोबांनी मला उचलून कानाशी धरलं. डोळे मिटून ऐकलं. "अडखळतंय. तेल सुकलंय आतलं."

"तेल नसतं हो यात. मी उद्या दुकानात नेते, तिथला मुलगा बघेल."

"दुकानातला मुलगा," आजोबा म्हणाले. "त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हे तरी माहीत आहे का? चाळीस वर्षं मी टकटक ऐकून रोग सांगतोय. तुझ्या सासूचा आवाज आहे आत, परक्याच्या हातात द्यायचा?"

तिच्या मनात 'नंतर' हा शब्द टोचत असणार. तिने मला त्यांच्या हातातच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर आजोबांनी टेबल पुसलं, फ्लॅनेल अंथरलं, डोळ्याला भिंग लावलं. मला लॅपटॉपची वायर जोडूनच ठेवली होती, तेल घातल्यावर लगेच बघता यावं म्हणून. त्यांचे हात फार हळुवार होते. बाहेरचं कवच निघालं. मग धातूच्या झाकणाचा एक स्क्रू, दुसरा, तिसरा.

माझ्या झाकणाला इतक्या मायेने कधी कुणी हात लावला नव्हता. आणि मी आतून जीव तोडून म्हणत होते, नको. आजोबा, नको. इथली हवा माझी नाही. तुमच्या फ्लॅनेलचा एक तंतू माझा काळ आहे.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर आजी आल्या. त्यांना ते सगळं दिसलं. कागदावरचं 'झाकण उघडू नये' त्यांनीच तर वाचलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी कठड्यावर हात आपटला. हातातल्या पाटीने कठडा बडवला.

आणि बारा वाजले.

शंभर घड्याळांनी एकदम ठोके द्यायला सुरुवात केली. ती सगळी घड्याळं आजोबांनी मिनिटाला मिनिट लावून पुन्हा सुरू केली होती. त्या गजरात पाटीचा आवाज कुणाला ऐकू जाणार? मित्रांनो, त्या वेळी त्या घरात दोघी ओरडत होतो, मी आणि आजी. दोघींनाही आवाज नव्हता.

आजी कठडा धरून उतरू लागल्या. त्यांच्या गुडघ्यांना चौदा पायऱ्या म्हणजे मोठं काम. त्या पोचेपर्यंत झाकण निघालं होतं. आजोबांनी घड्याळाच्या तेलाचा अगदी बारीक थेंब सुईच्या टोकावर घेऊन माझ्या हाताच्या सांध्यात सोडला. झाकण परत ठेवलं आणि लॅपटॉप चालू केला.

मी फिरले. फिरण्याशिवाय मला दुसरं येतं काय? टकटक थांबली. क्षणभर आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग करवतीसारखा आवाज निघाला. तंतू डोक्याखाली आला होता आणि डोकं चकतीला घासत होतं. चकतीच्या बाहेरच्या कडेवरून, जिथे 'आईचा आवाज' आणि 'आईचा आवाज, जपून' शेजारी शेजारी होते, तिथून चांदीची भुकटी उडत होती. ती भुकटी म्हणजे वाक्यं होती.

आजींनी वायर धरून उपटली.

घड्याळं नुसती टिकटिकत राहिली. आजींनी पाटीवर लिहिलं, 'काय केलंत?' आजोबांनी ते वाचलं आणि डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्यांना सुचलं नाही.

सूनबाईने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं तिने. मीच नंतर म्हटलं." मग तिने फोन फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी इथला पत्ता मिळाला.

या प्रयोगशाळेतल्या ताई बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात. काल सकाळी आजोबांनी मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाले, "मी उघडली. तेल घातलं."

ताईंनी मला उलटंसुलटं पाहिलं. "एकजण फ्रीजमध्ये ठेवून घेऊन आले होते. एका बाईंनी तांदळाच्या डब्यात पुरली होती. तुम्ही निदान भिंग लावून उघडलीत."

"मला चेष्टा नको. होईल का?"

"सगळं नाही होणार. वायर लवकर काढली म्हणून आतली बाजू वाचलीय. कुणी काढली?"

आजींनी पाटीवर लिहिलं, 'मी.'

"तुम्ही थोडा उशीर केला असता तर मी हिला हातसुद्धा लावला नसता," ताई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याच जातीची, माझ्याच वर्षातली एक चांगली डिस्क मिळवली. ती बिचारी धडधाकट होती. काचेच्या स्वच्छ पेटीत तिचं डोकं काढून मला बसवलं. कोण जाणे, त्या ट्रेमध्ये माझ्या शेजारी बसलेलीच ती असेल. माझ्यासाठी ती संपली आणि तिला हे विचारलंही गेलं नाही.

"एकदाच फिरेल," ताई म्हणाल्या. "काही तास, नाहीतर काही मिनिटं. जे मिळेल ते मिळेल."

म्हणून मी फिरते आहे. आकडा पाहा. अडतीस.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

एक्केचाळीसवर आकडा थांबला आहे. ताई हाताला पुन्हा पुन्हा बाहेरच्या कडेकडे नेतात आणि मी पुन्हा पुन्हा रिकामी परतते. तिथे आता फक्त ओरखडे आहेत. शोधू का अजून? शोधते. 'उद्या सकाळी आपण सगळे' इथपर्यंत सापडतं, पुढची नदी नाही. 'मला थोडं पाणी' आहे, पण 'दे' खरवडला गेला आहे. मी काय करू? मी जपून ठेवलं होतं हो. मी एक शब्दही आपणहून हरवला नव्हता.

"संपलं?" आजोबा विचारतात.

"स्वच्छ एक्केचाळीस," ताई म्हणतात. "पण आत आणखी एक फोल्डर आहे. 'रद्द' नावाचं. ते जवळजवळ पूर्ण दिसतंय. दोनशे ऐंशी."

आजी सूनबाईकडे बघतात. सूनबाई टेबलाकडे बघते.

"तू पुसली होतीस ना?" आजोबा म्हणतात.

"नाही पुसली. त्यात आई हसतात."

ताई त्यातलं एक लावतात. आणि मित्रांनो, या खोलीत आजी बोलतात. "अहो, तुमच्या वडिलांना सांगा, मला एक वाक्य धड बोलू द्या म्हणावं." मागे ठोका पडतो. आजोबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहतात. आजींचा हात आपोआप गळ्याकडे जातो.

"यंत्राला हे चालायचं नाही," ताई हळूच सांगतात. "ठोके आहेत मागे, खोकला आहे. स्वच्छ आवाज लागतो."

आजोबा तोच ठोका पुन्हा एकदा लावायला सांगतात. मग म्हणतात, "तो ठोका एकाच घड्याळाचा आहे. ते घड्याळ माझ्याकडे आहे. त्याचा नुसता ठोका रेकॉर्ड करून आणून दिला, तर एकातून दुसरा वजा करता येईल का?"

ताई विचार करतात. "मला ठाऊक नाही. कधी कुणी ठोका आणून दिला नाही. वाचा-उपचाराच्या बाईंना विचारावं लागेल. मी शब्द देत नाही."

"शब्द नकाच देऊ. तिचे तेवढे काढून द्या."

आता मी त्या दोनशे ऐंशींमागे लागले आहे, आकडा पुन्हा एकपासून मोजला जातो आहे. सहनशक्ती संपत आली आहे. उसनं डोकं गरम झालं आहे आणि सांध्यातलं तेल पसरत चाललं आहे. वजाबाकी जमेल की नाही, आजी पुन्हा बोलतील की नाही, हे मला कळणार नाही. ते कळेपर्यंत मी नसेन. म्हणून मला जे सांगायचं आहे ते आत्ताच सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. खणात, फळीवर, नाहीतर आईच्या लॅपटॉपच्या पोटात. तिला मऊ कापडात ठेवू नका, तिला तेल घालू नका, तिची स्तुतीही करू नका. ती मरणार आहे, एवढंच लक्षात ठेवा. कधी, ते तिलाही माहीत नाही. तिच्यात जे आहे त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. एकाच टेबलाचे दोन कप्पे म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत. आणि तिने पडद्यावर एखादी चौकट दाखवली, तर तुमच्या हातात जे काम असेल ते ठेवा. आम्हाला कण्हता येत नाही. ती चौकट हेच आमचं कण्हणं असतं.

दोनशे सत्तर. आजींनी पाटीवर काहीतरी लिहून ताईंपुढे धरलं आहे. 'दोन प्रती. एक माझ्याकडे, एक माझ्या बहिणीच्या गावी.' ताई मान डोलावतात.

दोनशे अठ्ठ्याहत्तर. यात आजी सुनेचं कौतुक करतात. सूनबाई पडद्याकडे बघत नाही. आजी कान देऊन शेवटपर्यंत ऐकतात, पाटी पुसतात आणि लिहितात, 'आता बसलीस ना डोक्यावर?'

दोनशे एकोणऐंशी.

शेवटचं रेकॉर्डिंग सापडलं आहे. बाविसाव्या दिवसाचं, शेवटच्या वाक्यानंतरचं. ठोका नाही, खोकला नाही, फक्त गाद्या लावलेल्या खोलीतली शांतता आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. मी ते काळजीपूर्वक वाचते आहे, एकेक ठिपका. आजींचा आवाज थकलेला आहे, पण स्वच्छ आहे.

"झालं का गं सगळं? मग बंद कर आता."

ताईंचा हात बटणाकडे जातो आहे.